पातं तापलं होतं

रात्री साडेनऊला मगदूम बाई आल्या,
काखेत टॉवेल, टॉवेलात चिरमुरी.
एकतीस वर्षं गणित शिकवलेली बाई
पहिल्यांदाच अडखळताना बघितली.
"ज्योतीराम, जनावरांचा दवाखाना बंद झालाय.
तुमचा... म्हणजे तुमचा धंदाच हा, म्हणून आले."

धंदा कधीचा बंद आहे माझा.
खणभागातल्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं लटकतात,
आणि उजवा हात दोन वर्षं झाली
स्वतःशीच काहीतरी पुटपुटत असतो.
चहा बशीत सांडायला लागला
त्या दिवशी वस्तरा पेटीत ठेवला.

टॉवेल उघडला.
पोटावर, मांड्यांच्या आतल्या अंगाला
लाल पट्टे. ओळीत. मशीन जसं फिरलं तसे.
विश्रामबागेत नवीन दुकान निघालंय म्हणे,
साडेसातशे रुपये, शांपू, अत्तर, गळ्यात गुलाबी रिबन.
रिबन अजून होती.
ती मी आधी सोडली.

खाली ठेवली तर बसेना.
फरशीवर पोट घासत सरकायची,
वळून तिथंच चाटायची,
मग माझ्याकडे बघायची
हे मीच केल्यासारखं.

मला त्या पट्ट्यांत सगळं वाचता येत होतं:
पोरगं घाईत होतं, बाहेर अजून दोन कुत्री थांबलेली,
थांबून तेल द्यायचं राहिलं,
पातं तापलं होतं,
आणि कातडी ताणून न धरताच
ते केसांच्या उलट गेलं.

"हळद लावू?" बाई म्हणाल्या.
सांगलीत दुसरं काय विचारणार.
यार्डाकडून वारा सुटला
की इथं जिभेवर हळद येते.

नको म्हटलं.
सोळा वर्षांचा होतो मी,
कवलापूरच्या एका नवरदेवाच्या गळ्यावर
असाच उलटा गेलो होतो,
हळदीच्या सकाळी.
बायकांनी मुठी भरून हळद चोळली
तेव्हा त्याच्या डोळ्यांतनं धार लागली.
बिचाऱ्याला आई आठवली, म्हणाल्या.
त्याने कुणाला काही सांगितलं नाही.
मीपण आजच सांगतोय.

तुरटी नको, पावडर नको,
खोबरेल लावलं तर चाटून संपवेल.
माठातलं पाणी आणा. मलमल आहे माझ्याकडे.
दाबायचं. पुसायचं नाही.
बाप म्हणायचा, तापलेल्या कातडीशी भांडू नये,
तिचं तिला गार होऊ द्यावं,
आपण नुसतं शेजारी बसावं.

बाईंनी पुढचे पाय धरले.
मी मलमल धरली, हाताने त्याचं सुरू केलं,
थरथर थेट पोटापर्यंत पोचली असणार.
चिरमुरीने कान मागे टाकले.
मग एक उभा केला.
सात का आठ वेळा फडकं भिजवून झालं,
आणि तिने जीभ आत घेतली.

चाटू नये म्हणून दुकानातल्या
पांढऱ्या कोटाची बाही कापली, पायांना भोकं पाडली.
मापं बाईंनी घेतली, बोटांनी, दोनदा ताळा करून,
तरी शेपटीचं गणित चुकलं.
बाही घालून चिरमुरी उभी राहिली
तर आमच्याच धंद्यातली वाटली,
जरा वयस्कर, जरा रागीट.

सकाळी डॉक्टरला दाखवाच, म्हटलं.
पुरळ आला, पाणी सुटलं, तर दुपारची वाट बघू नका.
आणि त्या पोराला ओरडायला जाऊ नका.
एवढंच सांगा,
मशीन आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघ म्हणावं.
नाहीतर असं करा,
माझ्याकडे पाठवा त्याला.

बाई गेल्या. गल्लीच्या वळणापर्यंत
टॉवेलातनं बाहीचं टोक लोंबत होतं.

फरशीवर बारीक पांढरे केस.
सवयीने उठलो, केरसुणी घेतली,
आणि खुर्चीभोवती वळून झाडायला लागलो,
जिथं खुर्ची नव्हती.