शेवटची ओळ वाच

मंगळवारपासून केंद्राची एकही मेल बेटाबाहेर गेली नाही.
त्रेचाळीस पत्रं रांगेत.
त्यात दोन्या एडेल्मिराच्या रक्ताचा अहवाल,
आणि "पुढच्या बोटीने इन्सुलिन पाठवा" ही माझी विनंती,
जी मी घाबरून तीनदा धाडली;
म्हणजे रांगेत ती तीनदा उभी आहे,
स्वतःच्याच मागे.

सर्व्हर औषधांच्या कपाटाखाली असतो.
काळा, बुटका, ऊबदार; मांजर त्याच्यावर निजतं.
तो लिनक्सवर चालतो एवढं मला पोपटपंचीपुरतं ठाऊक.
बसवून देणारा मुलगा साल्मनच्या कंपनीत लागला,
जाताना पासवर्ड लसींच्या फ्रिजवर चिकटवून गेला.

आधी आला रेमिहिओ, बोटींची इंजिनं खोलणारा.
स्क्रीनकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.
शिडी मागितली, छपरावर गेला,
अँटेनाच्या तारेचं टोक उघडलं. आत हिरवं.
"समुद्र," तो म्हणाला,
जसं कणगीत डोकावून कुणी "उंदीर" म्हणावं.
दोन बोटं तार कापली, खरवडली, बोटीतलंच ग्रीस थापलं.
खाली दिवा लागला नाही.

मग रेडिओ. चॅनेल बहात्तर.
चिलोएच्या या टोकाला कुणाचं काही अडलं
की पलीकडच्या बेटावरच्या फ्लोरिदोर मास्तरांना हाक मारतात.
"शेवटची ओळ वाच.
तुला काय वाटतं ते नको. लिहिलंय ते."

मी वाचलं : डब्ल्यूलॅन शून्य, असं उपकरण नाही.
"मग आहेत त्यांची नावं वाच."
डब्ल्यू. एल. पी. तीन. एस. शून्य.
"अपडेट केलंस?"

रेडिओवर गप्प बसलं की नुसती खरखर जाते.
त्यांना तेवढी पुरली.

"कार्ड मेलेलं नाही. अपडेटने त्याचं नव्याने बारसं केलंय,
आणि तुझी फाइल अजून जुन्या नावाने हाका मारतेय.
ओ कोण देणार?"

मध्येच कुणी मच्छीमार :
"तुमचं बारसं उरकलं असेल तर
धक्क्यावर माझा दोर धरायला माणूस पाठवा."
रेमिहिओ गेला.
मी एका फाइलमध्ये एक नाव बदललं.
हिरवा दिवा.

तरी रांग हलेना.
"शेवटची ओळ."
प्रमाणपत्र अजून वैध झालेलं नाही.
"किती वाजलेत?"
भिंतीकडे बघून म्हटलं, सव्वासहा.
"तुझे नाहीत. त्याचे."

त्याच्याकडे एक जानेवारी दोन हजार अकरा होता.
आतली चपटी बॅटरी संपलेली;
रोज रात्री जनरेटर थांबला की तो तिथेच परत जायचा,
खरी वेळ विचारायला बाहेर वाट नव्हती,
आणि आता वाट होती तर तफावत एवढी
की खऱ्या वेळेवर त्याचा विश्वास बसेना.
मी जरा वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिले.
त्या जानेवारीत आई होती. कांदे निवडत असेल.

"हाताने घाल," मास्तर म्हणाले. "आजची."
घातली.

बॅटरी अख्ख्या बेटावर एकच निघाली,
नोल्फाच्या वजनकाट्यात, ज्यावर ती समुद्रशेवाळ तोलून विकते.
तिने नखाने उचकटली, फुंकर मारली, माझ्या तळहातावर ठेवली.
"उद्यापासून अंदाज."

त्रेचाळीस. अडतीस. एकदम नऊ.
मग बराच वेळ एक.
मग काहीच नाही; रिकामी रांग कशी दिसते
ते मी विसरूनच गेले होते.

शुक्रवारच्या बोटीने इन्सुलिन आलं. तिप्पट.

इथे घर हलवायचं झालं तर
शेजारी बैल घेऊन येतात, ओंडक्यांवरून ते ओढून नेतात,
आणि मजुरी म्हणजे जेवण.
मास्तरांनी पोतंभर बटाटे मागितले, निळे, लहान.
रेमिहिओने काहीच नाही; तो जेवून गेला, दोनदा.

नोल्फाचा काटा अजून बंद आहे.
नवी बॅटरी येईल म्हणतात, पुढच्या बोटीने.
शेवाळ घेताना आम्ही सगळे जरा जास्तच पैसे देतो,
ती जरा जास्तच शेवाळ.