इथे बोट ठेवा

पुंता अरेनासमध्ये डिसेंबरात रात्र पडायलाच तयार नसते.
दहा वाजले तरी सामुद्रधुनीवर पातळ ताकासारखा उजेड,
आणि वारा असा, की चौकात माणसांना धरायला दोर बांधतात.
आमच्या दुकानात गिऱ्हाईक येत नाही,
आदळतं.

जिन्याखाली माझं टेबल.
कागद, चिकटपट्टी, फीत, कात्री.
एकोणीस नाताळ झाले, बांधते आहे
कुणीतरी कुणासाठी तरी घेतलेलं.
फीत आडवी-उभी ओढली की म्हणते,
इथे बोट ठेवा.
ठेवतात. पाद्री असो, ट्रकवाला असो, मुकाट ठेवतात.
मी गाठ आवळत आणते, ते शेवटच्या क्षणी बोट काढतात,
कुणी चटकन,
कुणी जरासं अडकून.

ओळखीपाळखीच्यांचं सोपं.
दाताचा डॉक्टर, मुलीची शिक्षिका,
आपली जादा किल्ली सांभाळणारी शेजारीण,
त्यांना साबण.
साबणानं कुणी दुखावत नाही,
साबणानं कुणी हरखतही नाही.
फक्त तेगुआल्दा बारियानं एकदा आणलं
थर्मासचं नुसतं बूच.
बसचा ड्रायव्हर दोन हिवाळे चिंधी कोंबून चहा नेत होता
आणि तिला ते मागच्या सीटवरून दिसलं होतं.
सात दुकानं पालथी घातली म्हणाली.
नाव विचारायचं तेवढं राहिलं होतं,
म्हणून चिठ्ठीवर लिहिलं:
सात-दहाची बस.

मित्रांचं अवघड.
त्यांना काय आवडतं ते आपल्याला ठाऊक असतं,
आणि आपल्याला ठाऊक आहे हे त्यांना.

घरच्यांचं तर विचारूच नका.
नेवेन्का दरवर्षी सांतियागोतल्या मुलाला स्वेटर घेते,
दरवर्षी तोच नंबर,
तो घर सोडून गेला त्या दिवशीचा.
मी काही बोलत नाही. माझं काम कागदाचं.
घडी घालताना बाह्या जरा ताणून देते, इतकंच.

माझं मी बांधते तेव्हा
बोटाच्या जागी हनुवटी ठेवावी लागते.

मागच्या वर्षी बंद व्हायच्या वेळी रुपेर्तो मानसिया आला,
मेंढ्या कातरणारा, अंगाला लोकरीच्या तेलाचा वास.
बायकी हातमोजे, आत अस्तर, महागातले.
म्हणाला, डावा बांधा.
आणि उजवा?
उजवा खिशात घातला.
बहीण पलीकडे, पोर्वेनिरला.
बापाच्या चुलीवरून अकरा वर्षं अबोला.
चूल कुणी नेली ते त्यानं सांगितलं नाही,
मला वाटतं, त्यानंच.
म्हणाला, हवा असेल तर फेरी रोज सुटते.
एका मोज्याचं पुडकं फार चपटं होतं,
गाठ मध्यावर बसेना.
इथे बोट ठेवा, म्हटलं.
त्याचं बोट मी गाठ मारून झाल्यावरही तिथेच.
ओढून सोडवावं लागलं,
दोघं हसलो, मग तो हसायचा थांबला.

जानेवारीत एक बाई आदळली.
डाव्या हातात मोजा, उजवा हात कोटाच्या खिशात.
याच्या जोडीचा आहे का तुमच्याकडे?
आमच्याकडे नाही.
ठाऊक आहे, म्हणाली, आणि जागची हलली नाही.
कपाटं पाहिली, कात्री पाहिली,
मला विचारलं,
त्याला साखर चालते का हो अजून?
जसं काही मला माहीत.

मी उगीच म्हणाले, साबण दाखवू?
तिनं असं पाहिलं माझ्याकडे
की मी फिरवून फिरवून रिकामी फीत गुंडाळत राहिले.

परतीची फेरी सुटायला दोन तास होते.
काही न घेता ती बाहेर पडली.
काचेतून दिसत होती,
चौकात, दोराला धरून,
डाव्या हातानं,
वर जायचं की धक्क्याकडे
ते वारा ठरवू देत नव्हता.