मंगळवारचा खाऊ

यूलो, तुम्हाला जाऊन अकरा महिने झाले
आणि मी अजून तुमच्या पेशींना खाऊ घालते,
दर मंगळवारी, सदतीस अंशांवर.

बाहेर एमायोगी गोठलीय. तार्तूत चारलाच अंधार.
डिशमध्ये तरंगतात गोळे,
साबुदाण्याएवढेसुद्धा नाहीत.

बाकीच्या किरणांनी गेल्या, गोळ्यांनी गेल्या.
घाईत होत्या, वाढत होत्या, सापडल्या.
या निजून राहिल्या.
झोपलेल्याला जागं करता येतं म्हणतात,
सोंग घेतलेल्याला नाही.

मूलपेशी.
शब्दातच मूल आहे.
जीभ जराशी वळवली तर मूळही.

तुम्ही होड्यांना डांबर लावायचात.
पहिल्या ऑपरेशननंतर म्हणाला होतात,
"एक भेग राहिली तरी पाणी येतंच, पोरी."
मी संमतीपत्रावर सही घेत होते. हसले.

आज नवं औषध घातलंय.
मारायचं नाही त्यांना, फक्त उठवायचं.
मारणारं मागाहून येईल.

खिडकीत लेइडाबाईंनी पाठवलेली जॅमची बरणी, अर्धी.
भिंगाखाली एक गोळा
हलल्यासारखा वाटतो
आणि मी श्वास रोखते,
पाळण्यापाशी रोखतात तसा.