खर्जाचे पाय

डब्यासोबत दोन पुड्या आल्यात.
एकीत चार पितळी खिळे, पेन्सिलीसारखे तासलेले,
दुसरीत चार काळ्या रबरी चकत्या,
दाबल्या की सावकाश, नाखुशीनं वर येणाऱ्या.
यातले कोणते पाय लावायचे
हे पत्रकात नाही.
एवढंच आहे: आपल्या पसंतीनुसार.

रीगा. दौगावाच्या पलीकडलं लाकडी घर.
पाइनच्या फळ्या, त्यांखाली कुणा जुन्या सुतारानं भरलेली राख आणि भुसा,
आणि त्याखाली
स्काइद्रीते बाईंचं छत.

एकतीस वर्षं मी जहाजाच्या पोटात काढली.
मुख्य इंजिन सांगाड्याला थेट बोल्टांनी आवळलेलं,
शेजारचा जनरेटर रबराच्या पायांवर.
एकाच खोलीत दोन्ही मतं नांदत होती,
भांडण कधी ऐकलं नाही
(तिथं तसंही काही ऐकू येत नसे).
बंकवर पाठ टेकली की इंजिन दातांत यायचं.
आम्ही त्याला आवाज म्हणत नसू.
थांबलं, की चौदा माणसं एकदम जागी.

पहिल्या रात्री खिळे लावले.
ऑर्गनचा सगळ्यात खालचा सूर,
कानांनी घ्यायचा नाहीच तो.
फळ्यांनी उचलला, खुर्चीच्या पायांतून वर चढवला,
मांड्या, पोट, बरगड्या.
कपाटातल्या बशा आपसांत काही बोलल्या.
मी रडलो. एकोणसत्तराव्या वर्षी
हे सांगायला लाज कसली.

सकाळी जिन्यात स्काइद्रीते बाई,
हातात आलुबुखाराच्या मुरंब्याची बरणी.
"रात्रभर सरकत सरकत फळीच्या कडेला आलीय.
आज पडायच्या आधी
तुम्हीच ठेवा."

दुसऱ्या रात्री चकत्या.
तीच तबकडी, तीच खुर्ची.
खर्ज आला आणि संपला तिथं संपला.
मागे शेपूट नाही.
वादकानं पायपट्टीवरून पाय उचलल्याचं कळलं,
त्याच्या मागून कुणाचा तरी खोकलासुद्धा.
इतकं स्वच्छ, की मला राग आला.
म्हणजे काल भेटलेला अर्धाअधिक खर्ज
त्या माणसानं वाजवलाच नव्हता.
एका ठरावीक सुराला ही जमीन आपणहून घुमते,
तो सुर सापडला की सोडत नाही.
मग काल मी रडलो ते कुणापायी?
पाइनपायी?
राखेपायी?

मिर्द्झाचं शिवणयंत्र पलीकडच्या खोलीत असे,
ओतीव लोखंडाचे पाय, फळ्यांवर थेट.
मी बोटीवरून आलो की पहिल्या रात्री
स्थिर बिछान्यात झोप यायची नाही.
ती उठायची, पायटा हलवत बसायची,
घर बारीक थरथरू लागायचं, मी बुडायचो.
तिनं काय शिवलं ते मी कधी विचारलं नाही.
खूप वर्षांनी तिनंच सांगितलं, भाजी निवडता निवडता:
कापड नसायचं.
सुईत दोराही नसायचा.

तर ठरलंय.
शास्त्र रबराच्या बाजूनं आहे, शेजारधर्मही.
वादकानं जे वाजवलं तेवढंच ऐकावं,
जमिनीनं मधे तोंड घालू नये,
हे मला पटतं. खरंच पटतं.
डबा चकत्यांवर बसलाय, पाणसळ लावून पाहिलीय,
बुडबुडा बरोबर मधोमध.
मुरंबा मी निम्मा संपवलाय.

खिळे मात्र टाकले नाहीत.
मिर्द्झाच्या खणात, रिळांच्या शेजारी आहेत.
रविवारी बाई मुलीकडे जातात,
तीनची बस.
ती कोपऱ्यावर वळेपर्यंत मी खिडकीत उभा राहतो.
मग पाना घेतो.