पानी गेला कुठं

महापेच्या पुलावर सकाळी सव्वाआठला
सूर्य नेमका काचेत येऊन बसतो,
आणि पुढे खडीचा डंपर,
ताडपत्री अर्धी बांधलेली, अर्धी हवेत.
मी दांडी ओढली.
घुर्र झालं. पाणी नाही.
वायपर कोरडेच फिरले
आणि डोळ्यांपुढे मातीचे दोन पंखे काढून गेले.
मधे बोटभर पट्टी उरली स्वच्छ,
तेवढ्यातून डंपरचे लाल दिवे बघत
मान वाकडी करून पूल उतरले.

रविवारी कोपरखैरण्यात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये
ज्याच्या त्याच्याकडे एकेक निदान.
तळमजल्याचे सबनीस म्हणाले, फ्यूज.
फ्यूज काढून उन्हात धरला: तार शाबूत.
घुर्र होतंय तर फ्यूज कसा गेला असेल,
हे मला तो परत बसवताना सुचलं.
झुबेदा म्हणाली, नोझलमध्ये क्षार, आपलं बोअरचं पाणी.
साडीची पिन घातली दोन्ही भोकांत,
एक पांढरा कण निघाला, तिळाएवढा.
आम्ही दोघींनी तो इतक्या आदराने पाहिला
की वाटलं, झालं.
दांडी ओढली. घुर्र.

टाकी बघायचं मनातच आलं नाही.
टाकी मी गेल्या रविवारी भरली होती,
बाटली कापून केलेल्या नरसाळ्याने,
एक रुपयाची शाम्पूची पुडी टाकून.
आपल्या हाताने भरलेलं रिकामं असेल
असा संशय कोण घेतं?

घरतकाका तिसऱ्या मजल्याच्या गळतीसाठी आले होते.
घणसोली गावातले. गाडी चालवता येत नाही त्यांना.
मी म्हटलं, काका, हे तुमचं काम नाही.
"पानी हाय ना यात? मंग?
टाकी, पंप, पाइप, तोटी. बिल्डिंगला पन हेच चार."
बॉनेट मी उघडून ठेवलं होतं,
त्यात ते डोकावलेसुद्धा नाहीत.
"पानी गेला कुठं, ते बघ आधी,"
म्हणत गुडघे मोडले, गाल जवळजवळ जमिनीला लावला.

"हा बघ तुझा लीक."

पुढच्या बंपरच्या डाव्या कोपऱ्याखाली,
पेव्हर ब्लॉकच्या फटीत
टोमॅटोचं रोप.
वीतभर. एक फूल, खाली बघणारं.
भिंतीत पिंपळ दिसला की काका तिथेच फोडतात,
चाळीस वर्षं, एकदाही चुकले नाहीत म्हणे.
वॉचमन गुरव तिथे कडेला जेवायला बसतो,
बी त्याच्या डब्यातलं असणार.
मी ऑफिसला गेले की ऊन,
मी आले की थेंब थेंब पाणी,
शाम्पूचं.
महिनाभर तरी हे चालू असेल
आणि मला वाटायचं, गाडी नुसती उभी असते.

"वायसर गेलाय," खालून आवाज आला.
वॉशरचा वायसर! मी हसले.
ते हसले नाहीत. पिशवीतून नळाचा एक काळा काढला,
पंपाच्या बुडाशी बसवला, पांढऱ्या टेपचे तीन वेढे,
चौथा मनाच्या समाधानाला.
टाकी भरली. दांडी ओढली.
दोन धारा उठल्या, काच ओलांडून, टप ओलांडून
सबनीसांनी वाळत घातलेल्या उशीवर.
पिनेने नोझल खाली वळवण्यात आणखी अर्धा तास.
पैसे दहा रुपये. "नळाचाच तो."

सोमवारी पुलावर सूर्य होता, डंपर होता.
दांडी ओढली, रस्ता दिसला,
सगळा, खड्ड्यांसकट.
त्यात सांगण्यासारखं काही नाही.

संध्याकाळी मात्र गाडी लावताना
हातभर मागेच थांबवली
आणि मगा घेऊन खाली उतरले.
शाम्पू घालायचा की नाही, जिन्यात ठरेना.
गुरव डबा उघडून बसला होता.
"गाडी धुताय, मॅडम?"
मी म्हटलं, हो.