नो ड्यूज

कॉलेज सोडायचं तर नऊ सह्या लागतात.
सातवी माझी. वर्कशॉप, स्टोअर.
फॉर्मवर कारणाला एकच ओळ सोडलेली,
तिथं सगळे एकच लिहितात: वैयक्तिक.

मी कपाटाकडं तोंड करून
ॲप्रन मोजत राहतो, आणि ऐकतो.

तहसीन पठाणचं वैयक्तिक म्हणजे
निलंग्याची साडेपाचची बस
आणि सहाला सुटणारं प्रॅक्टिकल.
होळंबेच्या पोरीला लेथपाशी
सर दर खेपेला म्हणायचे,
मुलींनो, तुम्ही नुसतं बघा.
तिनं दोन वर्षं बघितलं.
व्यंकटचं गणित तीन, पाचव्यांदा.
"जाऊ लालो, सर," म्हणाला,
जसा काही पाणी प्यायलाच निघालाय.

राहतात त्यांना कुणी कारण विचारत नाही,
त्यांच्यासाठी फॉर्मच नाही.
परमेश्वर राहिला, कारण गावच्या फाट्यावरचा
अभिनंदनाचा फ्लेक्स
अजून कुणी उतरवला नव्हता.
रेवती गुट्टे म्हणायची,
"शिकू लाले तवर, सर, घरी पोहे होत नाहीत."
तिच्याच हाताखाली एकदा लोखंडाचा कीस
निळा पडत, वळत वळत, अखंड निघाला.
तो तिनं कंपासपेटीत ठेवला.
पुढं पोह्यांचं काही बोलली नाही.

कुणी फार घाईनं फॉर्म पुढं केला
की मी खोटं बोलतो.
"तुझ्या नावावर एक व्हर्नियर बाकी आहे.
सोमवारी बघू."
तेवढाच एक रविवार मध्ये पडतो.
काहीजण सोमवारी येतच नाहीत,
गुरुवारी प्रॅक्टिकलला दिसतात, नजर चुकवत.
मला वाटायचं, जमतंय.

आम्रपाली सोनकांबळे सोमवारी आली,
मी कुलूप काढायच्याही आधी.
टेबलावर नवाकोरा व्हर्नियर ठेवला,
तेलकट कागदात गुंडाळलेला,
गंजगोलाईतल्या दुकानाच्या बिलासकट.
"हरवला असेल माझ्याकडून," म्हणाली.
"सही करा."

पैसे कुणाकडून आणले, विचारलं नाही.
पेन दोनदा झटकावं लागलं.

तो व्हर्नियर रजिस्टरात चढवता येत नाही.
वरच्या कप्प्यात असतो, मागं.
कधीतरी काढून मिटवून बघतो,
शून्यावर शून्य बरोबर बसतं.
परवा एका पोरानं मागितला.
म्हटलं, तो खराब आहे.