चार सेकंद

अशोक चौकाच्या मागं, गड्डमच्या कारखान्यात
टॉवेलच्या गठ्ठ्यांआड एक कॉम्प्युटर आहे.
आणला तेव्हा पांढरा होता म्हणे.
आता कडक भाकरीचा रंग.

"चालू होतंय की, पोरी," शेठ म्हणाले,
"पण लगेच मरतंय."

बटण दाबलं.
पंखा फिरला, हिरवा दिवा लागला,
एक, दोन, तीन, चार,
आणि गप.
पडद्यावर अक्षर नाही, पोटातून बीप नाही.
पुन्हा दाबलं. पुन्हा चार.

पलीकडं बेचाळीस माग खडखडत होते.
माझा बाप अशाच शेडमध्ये जॉबर होता.
कुठल्या मागाचा पिकर ढिला झालाय
ते पाठ फिरवून, चहा पिता पिता सांगायचा.
आता त्याला माझी हाकसुद्धा पोचत नाही.
हात ठेवून बघतो तो,
मिक्सरवर, मोटरवर, कधी माझ्या डोक्यावर.

पत्रा काढला तर आत
न विणलेला अख्खा एक टॉवेल निघाला,
निळं तूस, गुलाबी तूस, मध्येच एक मेलेली माशी.
ब्रशनं झाडलं.
शेठच्या नातवाचं खोडरबर मागून
रॅमचे पिवळे दात घासले.
सोबत आणलेला सप्लाय लावून पाहिला.
सेल मोजला, तो मेलेलाच होता,
पण सेल मेल्यानं मशीन मरत नाही,
नुसती तारीख विसरतं.
एक, दोन, तीन, चार.

"आत बाराशे डिझाइन आहेत," शेठ म्हणाले,
"मोर, कोयऱ्या, दुबईच्या हॉटेलाचं नाव.
चिट्याल मास्तर काढून गेला, तो सुरतेत आहे आता."
दुसरीकडं कुठं ठेवलीत का?
"कुठं?" म्हणाले.

मी फरशीवर मांडी घालून बसले.
घामानं हातातला स्क्रू निसटत होता.
गरम होऊन बंद पडणारं कधी तीनला पडतं, कधी नऊला.
हे घड्याळ लावल्यासारखं.
चार सेकंद बटण धरून ठेवलं की मशीन बंद होतं,
हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे.
मग बटण धरलंय कुणी?

पुढच्या बटणाची वायर बोर्डावरून उपटली,
स्क्रूड्रायव्हरचं टोक दोन पिनांना नुसतं टेकवलं.
चार.
पाच.
सहा. बीप. अकरा.
पडदा उजळला तसे शेठ चपला काढून उभे राहिले.

बापाचा फणी भरायचा हूक माझ्या पिशवीत असतो.
त्यानं बटणाची फट खरवडली:
कुंकू. थरावर थर, दगड झालेलं,
आणि मधोमध रुतलेला तांदळाचा एक दाणा.
दर खंडेनवमीला आधी माग, मग वजनकाटा, मग हा.
कांड्या भरणाऱ्या राजम्मा काकू दारात उभ्या होत्या,
तोंडावर हात.
"मीच लावत होते गं. आता नको का लावू?"
लावा की, म्हटलं,
पण कपाळाला लावा. इथं, वर पत्र्यावर.
हे तर नाक आहे त्याचं.

तारीख आली होती एक जानेवारी दोन हजार नऊ.
नवा सेल टाकू का? तीस रुपये.
"उद्या बघू," शेठ म्हणाले,
आणि दोनशेच्या नोटेबरोबर
कडेला धागा सुटलेला एक टॉवेल दिला.
मोर तिथं अजून दोन हजार नऊमध्येच आहेत.

रात्री बापानं ताटावरून मान वर केली, "एमैंदि?"
ओरडून सांगितलं असतं तर गल्ली जागी झाली असती.
त्याच्या तळहातावर मी बोट दाबून धरलं,
एक, दोन, तीन, चार मोजलं, आणि सोडलं.
त्यानं थोडा विचार केला.
"चिकटलंय," म्हणाला,
आणि भाकरीचा तुकडा मोडून
शेंगाच्या चटणीत बुडवला.